रुमालाखालचा हात

तुम्ही लुबनाला बाजारातून हाकललं. तुम्ही म्हणजे जे बाजार कमिटीच्या पत्र्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसता, पावत्या फाडता आणि दर शनिवारी जनावरांच्या बाजाराचे जन्मजात धनी असल्यासारखे मिशीवरनं हात फिरवता, ते. पोरीनं रीत मोडली, असं तुम्ही म्हणालात. भोंग्यावरनं म्हणालात, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणालात. पण त्या दिवशी रुमालाखाली काय झालं, हे तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. शेळी घेताना तिचं तोंड फाकून दात बघता. माणसाच्या पोरीचं तोंड मात्र उघडायच्या आत दाबलंत.

तर आता सगळं पहिल्यापासनं ऐका. मध्येच उठायचं नाही.

माजलगावच्या जुन्या गावात मैनुद्दीनचं घर. शेळ्या-बोकडांचा व्यापारी. त्याचा बापही तेच करायचा. बायको आमिनाबी आणि लेकरं दोन, थोरला अबरार आणि धाकटी लुबना. अबरारला बोकडाच्या वासानं उलटी व्हायची. थट्टा नाही, खरंच व्हायची. बापानं मोठ्या हौसेनं त्याला बाजारात नेलं, तर पोरगं टेम्पोच्या चाकाआड बसून दिवसभर ओकलं. त्याच साली लुबनाला टायफॉईड झाला. केस गळाले, उरलेले आमिनाबीनं काढून टाकले. टक्कल झालेली पोर अबरारचा सदरा आणि चड्डी घालून एका शनिवारी टेम्पोत चढली आणि उतरेचना.

बाजारात कुणी विचारलं, "मैनुद्दीनभाई, पोरगा का?"

"माझं हाय," मैनुद्दीन म्हणायचा. यात खोटं काही नव्हतं, आणि पुढचं कुणी विचारतही नव्हतं.

या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातात हात देतात, वरनं खांद्यावरचा रुमाल टाकतात आणि मग बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक हजार, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच, पेर मुडपलं की अर्धा. पटलं तर तळहातावर थाप, नाही पटलं तर हात सोडायचा. शेजारी उभ्या माणसाला ओ की ठो कळत नाही. बोकड दाव्याला, दोघं जण गप्प, आणि रुमालाखाली काहीतरी वळवळतंय. नव्या माणसाला वाटावं आत सरडा धरलाय.

लुबना हे ओट्यावर शिकली. संध्याकाळी मैनुद्दीन आपला निळ्या काठाचा रुमाल टाकायचा आणि एका बाजूला लुबनाला, दुसऱ्या बाजूला आमेरला बसवायचा. आमेर गल्लीतलाच, मिसरूड फुटलेला, मैनुद्दीनच्या हाताखाली धंदा शिकत होता. तो तिला 'लुब्या' म्हणायचा.

"सांग बे लुब्या, किती म्हणलो मी?"

"साडेसात. अन् तुला साताला द्यायचाय."

"ते कावून?"

"तुझं बोट साताला घट्ट हाय, अर्ध्याला ढिलं हाय."

मैनुद्दीन मांडीवर थाप मारून हसायचा. आतनं आमिनाबी ओरडायची, "पोरीच्या हाताला मेंदी लागती, बोकडाचं मूत न्हाई! कोण करून नेईल हिला?"

"बोकडाला विचारतो," मैनुद्दीन म्हणायचा.

अशी पाच-सहा वर्षं गेली. केस वाढले, लुबनाची उंची वाढली, आणि अबरारचा सदरा छातीवर बसेना. बाजाराच्या तोंडाशी रुद्रप्पाचं पेंड-सरकीचं दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मुंगीलाही बाजूला सारून चालणारा माणूस. तोही तुमच्याच कमिटीत होता तेव्हा. त्यानं मैनुद्दीनला चहाला बोलावलं आणि मान खाली घालून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, भाई. पोर मोठी झाली. आता तिचा हात कुणी हातात घ्यावा? अन् काय म्हणून घ्यावा?"

मैनुद्दीननं बशीतला चहा संपवला. पुढच्या शनिवारी पोर झोपेत असतानाच टेम्पो काढला. ती जागी झाली आणि अनवाणी धान्याच्या मोंढ्यापर्यंत पळाली. टेम्पो थांबला नाही. बापानं आरशात पाहिलं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या दिवशी तिनं कात्री घेतली आणि वेणी मुळापासनं कापली. आमिनाबीनं तिला लाटण्यानं बडवलं आणि बडवता बडवता स्वतःच रडायला लागली. "केस कापल्यानं पोरगा व्हशील का गं तू?"

"मला पोरगा व्हायचंच न्हाई," लुबना म्हणाली. "मला बाजारला जायचंय."

एवढं साधं होतं ते. पण हे साधं कुणाच्या डोक्यात शिरेना. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरीवर काहीतरी बाहेरचं आहे. मावशी म्हणाली, लवकर उजवून टाका, लेकरू झालं की उतरेल. पोरीनं काही मागितलं की ती वेडी तरी असते, नाहीतर तिला पोरगा तरी व्हायचं असतं. तिसरं काही या लोकांना सुचतच नाही.

ती घरामागच्या वाड्यात शेळ्या सांभाळत राहिली, बारावीपर्यंत शिकली. शनिवार आला की सकाळी ओट्यावर येऊन बसायची आणि टेम्पो वळेपर्यंत उठायची नाही.

मग मैनुद्दीनला लकवा मारला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, आणि ज्या हातावर घर चाललं होतं तो उजवा हात खाटेवरनं खाली लोंबायला लागला. अबरार पुण्याला गॅरेजात. त्यानं फोनवर सांगितलं, "बाजारातली जागा आमेरला देऊन टाका. तो आता मोठा दलाल झालाय. वरनं काहीतरी देईल. अन् लुबनाचं बघा आता."

जागा म्हणजे बाजारातला लिंबाखालचा तुकडा. तिथं आजानं बाभळीच्या खुंट्या ठोकलेल्या. त्या खुंट्यांना बांधलेलं जनावर मैनुद्दीनच्या घरचं, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. दोन शनिवार खुंट्या मोकळ्या राहिल्या असत्या तर कुणीही उपटल्या असत्या.

"मी जाते," लुबना म्हणाली.

आमिनाबी चुलीपुढनं उठली, पेटीतनं निळ्या काठाचा रुमाल काढला आणि पोरीच्या खांद्यावर टाकला. "घे. अन् डोकं झाक. जीभ आवर."

पहिल्या शनिवारी लुबनानं लिंबाखाली बोकडं बांधली आणि रुमाल खांद्यावर टाकून उभी राहिली. माणसं आली. बोकडाची कंबर दाबली, दात पाहिले, शेपटीचं हाड चाचपलं. मग तिनं उजवा हात पुढं केला. माणसं आपापल्या चपलांकडं बघायला लागली.

"बाप न्हाई आला?"

"न्हाई. मीच हाय. करा सौदा."

"येतो, एक चक्कर मारून येतो."

चक्कर मारून कुणी आलं नाही. म्हातारा आदिनाथ धनगर, तिला लहानपणी गूळ-शेंगदाणे देणारा, त्यानं तर हात पुढं केला होता. बोटं बोटांना लागली आणि विंचू चावल्यासारखा त्यानं हात मागं घेतला. "माझ्या नातीएवढी हायस, माय. लोक काय म्हणतील? पाप लागंल." त्याचे डोळे भरून आले होते. पण बोकड त्यानं शेजारच्या दावणीवरनं घेतलं.

बोकडं चढली तशीच टेम्पोत परत आली. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारीही तेच. आमिनाबी चारा टाकायची. मैनुद्दीन खाटेवरनं बोकडं मोजायचा आणि तोंड भिंतीकडं करायचा.

चांगली म्हणवणारी सगळी माणसं हात मागं घेतात, तेव्हा शिल्लक राहिलेला हात कुणाचा असतो, ते पोरींना विचारा.

आमेर आला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा फाया, मागं दोन खाटीक. "काय लुब्या," तो हसला, "माल परत न्यायचा धंदा करती का तू?"

"घ्यायचं असंल तर हात दे."

"देतो की. उस्तादाची पोर हाय, मी न्हाई देणार तर कोण देईल?" आणि त्यानं रुमाल टाकला.

लुबनाला खरंच बरं वाटलं. हे सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल पोर आधीपासनं भांडायलाच आलती. तिला वाटलं, चला, एकानं तरी हात दिला. आणि तो ओट्यावरचा हात, ओळखीचा. तिनं काळ्या बोकडाचा भाव सांगितला. आमेरनं कमी सांगितला. तिनं पेर मुडपलं. मग आमेरचं बोट तिच्या तळहातावर फिरलं. हा भाव नव्हता. अशी खूण ओट्यावर कुणी शिकवली नव्हती. तिनं हात ओढला तर त्यानं मनगट धरलं, आणि बोटं बाहीच्या आत कोपरापर्यंत वर सरकली. वर आमेरचा चेहरा एकदम सौद्याचा होता, कपाळाला आठी, नजर बोकडावर.

"भाव तर सांग," तो मोठ्यानं म्हणाला. मग ओठ न हलवता, "दर शनिवारी येत जाईन. तुझी सगळी बोकडं उचलीन."

भोवती वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांना एक रुमाल दिसत होता आणि त्याखाली काहीतरी वळवळत होतं. तसं तर दर बाजारी दिसतं.

लुबनानं डाव्या हातानं रुमाल उपसून काढला.

आमेरचा हात तिच्या बाहीत होता. उन्हात, सगळ्यांसमोर. त्याला तो बाहेर काढायलाही क्षणभर लागला.

आणि बाजार काय ओरडला? "हात कुठं हाय बे तुझा?" असं ओरडला का? न्हाई. बाजार ओरडला, "रुमाल काढला! पोरीनं चालू सौद्यात रुमाल काढला!" जणू तिनं देवावरचं वस्त्र ओढलं. दावणीवरनं माणसं पळत आली. आमेरनं सदरा झटकला आणि म्हणाला, "बघा, आता धंदा असा करायचा का? म्हणूनच म्हणलं, बाईमाणसाचं काम न्हाई."

तुम्ही तिला ऑफिसात बोलावलंत. तिघं होतात तुम्ही. आमेरला चहा दिलात, तिला उभं ठेवलंत. ती सांगायला लागली, "त्यानं माझ्या बाहीत..." आणि तुमच्यातला एक कानावर हात ठेवून म्हणाला, "बास, बास. असलं इथं बोलू नको. आमालाही लेकीबाळी हायेत." आहेत ना लेकीबाळी? मग कुणाच्या लेकीचं ऐकायला कान ठेवलेत तुम्ही?

निकाल भोंग्यावरनं सांगितलात. निजामाच्या काळापासनं चालत आलेली रीत, चालू सौद्यात रुमाल उघडायचा नाही. मैनुद्दीनच्या पोरीनं तो उघडला. आजपासून तिच्यासोबत कुणी रुमाल टाकायचा नाही. आमेरचं नाव भोंग्यावर आलंच नाही.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. आमिनाबी दारात बसलेली. मैनुद्दीननं जड जिभेनं विचारलं, "रुमाल... कावून काढला?"

लुबनानं सांगितलं. कुठपर्यंत हात गेलता, तेही आपल्या हातावर दाखवलं. मैनुद्दीन ऐकत होता. त्यानंच आमेरला बोटं शिकवली होती, त्याच ओट्यावर, त्याच रुमालाखाली. त्याच्या वाकड्या तोंडातनं लाळ आली, डोळ्यांतनं पाणी आलं, आणि तो काहीतरी बोलला ते कुणाला कळलं नाही. शिवी होती की हंबरडा, आमिनाबीलाही सांगता येणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "मी येतो."

शनिवारी त्याची खाट लिंबाखाली टाकली. लुबनानं बोकडं बांधली. कमिटीचा शिपाई लांबनंच ओरडला, "ए पोरी, तुझ्यासंगं रुमाल बंद हाय, म्हायती हाय ना?"

"म्हायती हाय," लुबना म्हणाली. "रुमाल बंद केलाय, तोंड कुठं बंद केलंय?"

मग तिनं निळ्या काठाचा रुमाल घडी करून बापाच्या उशाला ठेवला आणि बाजारात आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. काळ्या बोकडाच्या पाठीवर हात ठेवून ओरडली, "दोन दाती बोकड! भाव तेरा हजार! कुणाला पाहिजे त्यानं तोंडानं बोला!"

मैनुद्दीननं डोळे मिटले आणि मान दुसरीकडं वळवली. साठीला टेकलेला माणूस. जन्मभर ज्या बाजारात त्यानं भावाचा आवाज ऐकला नव्हता, तिथं पोटची पोर बोंब मारून भाव सांगत होती. त्याला लाज वाटली. आमेरच्या करणीची जळजळ होतीच, ही लाजही होती. दोन्ही खरं होतं.

माणसं हसली. कुणी म्हणालं, "भाजीवाली हाय का बोकडवाली?" पण चिंचेखाली बायका बसल्या होत्या. शेळीला लेकरासारखं वाढवणाऱ्या, करडाला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजणाऱ्या. जनावर बाजारात आणेपर्यंत ते त्यांचं असतं. मग नवरा दावं घेतो, रुमाल पडतो, आणि बाई चिंचेखाली वाट बघत बसते. नवरा सांगेल तो भाव.

त्यांच्यातली एक उठली. सावित्रीबाई, चकलांब्याकडची. लिंबाजवळ आली, लुबनाच्या बोकडाची कंबर स्वतः दाबून पाहिली आणि नवऱ्याला हाक मारली, "अवो! हिकडं या!"

नवरा रामकिसन बोकडाचं दावं धरून पान चघळत आला.

"असंच व्हतं ना आपलं बोकड? आखाडाला इकलं ते?"

"असंल की."

"ही पोरगी तेरा म्हणतीय. मला तर तुमी आठ सांगितलंवतं."

रामकिसनचं पान गालातच राहिलं. "अगं, तवाचा भाव... येगळा व्हता."

"किती येगळा? सांगा ना. हिच्यावाणी मोठ्यानं सांगा."

मागनं कुणीतरी खिदळलं. मग दुसरी बाई उठली. "आमच्या शेळीचे किती आले हो?" मग तिसरी. ज्यांनी ज्यांनी खिदळायला सुरुवात केली होती, त्यांची तोंडं एकेक करून बंद झाली. सावित्रीबाईनं रामकिसनच्या हातातलं दावं काढून घेतलं, आज आणलेलं बोकड लुबनापुढं उभं केलं आणि म्हणाली, "घे गं माय, तूच घे. मोठ्यानं बोल, मला ऐकू दे."

दोघी मोठ्यानं बोलल्या. एक सांगायची, दुसरी मान हलवायची. सौदा पटला तेव्हा लुबनानं सवयीनं हात पुढं केला, आणि सावित्रीबाईनं त्यावर जोरात थाप मारली. हात उघडा, थाप उघडी. तो आवाज मैनुद्दीननं ऐकला. त्यानं डोळे उघडले.

तेव्हा मात्र तुम्ही पंख्याखालनं उठलात. आमेरसाठी उठला नव्हतात, यासाठी उठलात. चार माणसं घेऊन आलात. बाजाराची शिस्त बिघडवली, बायका चिथावल्या, जागा रद्द. आणि शिपायाला सांगितलंत, "उपट खुंट्या."

आजानं ठोकलेल्या खुंट्या लवकर निघेनात. पहार लावली. बोकडं बिथरून ओरडायला लागली. लुबना मध्ये पडली तर तिला दोघांनी बाजूला केलं, आणि यावेळी तिला हात लावताना कुणाला पाप लागलं नाही. मैनुद्दीन खाटेवरनं घसरला. मातीत बसल्या बसल्या त्यानं डाव्या हातानं एक खुंटी धरली. शिपाई म्हणाला, "सोडा, भाई." त्यानं सोडली नाही. शिपायानं ओढली, तसा तोही फरफटत गेला, वीतभर. रुद्रप्पा आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं दोन पावलं पुढं टाकली. मग थांबला आणि आत गेला. तुम्हीही पाहिलंत. शेवटी ती एक खुंटी तिथंच राहिली, कारण लकव्याच्या माणसाची बोटं उकलायची कशी, हे तुमच्या शिपायाला कळेना.

लुबनानं बापाला उचलून खाटेवर ठेवलं. उपटलेल्या खुंट्या ओढणीत गोळा केल्या. पत्र्याच्या ऑफिसात येऊन तुमच्या टेबलावर त्या रचल्या, माती तुमच्या पावत्यांवर सांडली. आणि तिनं एकच विचारलं, "त्या दिवशी रुमालाखाली काय होतं?"

तुम्ही म्हणालात, "पोरी, रुमालाखालचं रुमालाखालीच राहू द्यायचं असतं."

ती उंबऱ्याला टेकून बसली. पुढच्या शनिवारी आली, बसली. त्याच्या पुढच्याही. आता चिंचेखालच्या बायका उन्हं चढली की तिच्याशेजारी येऊन बसतात. सावित्रीबाई भाकरी आणते. लिंबाखाली ती एक खुंटी अजून उभी आहे, आणि तिला बांधायला लुबना एक बोकड घेऊन येते. तुम्ही ऑफिसात मागच्या दारानं शिरता.

मागच्या दारानं किती दिवस? तुमचे डोळे त्या दिवशी फुटले नव्हते. भर उन्हात, वीस-पंचवीस माणसांदेखत, तो हात कुठं होता? उत्तर द्या. भोंग्यावरनं द्या, जसा निकाल दिलात तसा. साऱ्या बाजाराला ऐकू जाऊ द्या. बोला.